गाणी पोहोचली, मेहनत मागेच राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवा लॅपटॉप घेतल्यावर जुन्यावरचा ऐवज कसा हलवावा, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि म्युझिक हे तीन फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, नव्या मशिनवर उतरवा आणि कामाला लागा, असा त्याचा मथितार्थ. पत्रं, फोटो आणि बिलं एवढंच ज्यांच्याकडे असतं त्यांना हा सल्ला पुरतो. पण संगीताच्या क्षेत्रातल्या मंडळींनीही हाच मार्ग धरावा, असं लेखकाने शेवटी जाता जाता सुचवलंय, ते वाचून राहवलं नाही. मी डीजे आहे, माझं पोट यावर आहे, आणि हा सल्ला जसाच्या तसा पाळणाऱ्यांचे फोन मला येत असतात.

फोनवरचं वाक्यही ठरलेलं असतं. "ताई, गाणी सगळी आलीत, पण सॉफ्टवेअर उघडलं तर आत काहीच नाही." किंवा, "यादी दिसतेय, पण प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह." हे दोन वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांचा उपचारही वेगळा आहे. लेखात मात्र दोन्हींचा पत्ता नाही.

आधी डीजेची लायब्ररी म्हणजे काय ते सांगते, कारण घरच्यांनासुद्धा ती गाण्यांची थप्पी वाटते. गाणी पुन्हा मिळतात. विकत घेतलेली असतील तर बरीचशी खरेदीच्या खात्यातून परत उतरवता येतात. पुन्हा मिळत नाही ते त्यांच्यावर केलेलं काम. खऱ्या ड्रमवर वाजवून रेकॉर्ड केलेलं एखादं जुनं गाणं घ्या. वाजवणारा माणूस आहे, तो रंगात आला की लय चढते. सुरुवातीला ११८ बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला ११८ ठोक्यांवर, असलेलं गाणं शेवटी १२१ वर गेलेलं असतं. सॉफ्टवेअरने सगळ्या गाण्याला एकच आकडा लावला की मध्यावर ग्रिडच्या (ठोके कुठे पडतात ते दाखवणाऱ्या) रेघा एकीकडे आणि ठोके दुसरीकडे. मग हेडफोन चढवायचा, वेव्हफॉर्म (पडद्यावरचा आवाजाचा आलेख) मोठा करायचा आणि थोड्या थोड्या मात्रांनी रेघ हाताने सरकवून ठोक्यावर बसवायची. त्यानंतर हॉट क्यू, म्हणजे बटण दाबताच गाण्यातल्या ठरलेल्या जागी उडी मारता यावी म्हणून केलेल्या खुणा: गायकाचा श्वास संपून पहिला शब्द येतो तिथे एक, ड्रॉपच्या (जिथे ताल जोरात कोसळतो त्या जागेच्या) आधी सोळा मात्रा दुसरा, शेवटी नुसता ताल उरतो तिथे लूप. मग शेरा, तारे, कोणत्या प्लेलिस्टमध्ये जाणार ते. हे झालं एका गाण्याचं. हजारो गाण्यांवर वर्षानुवर्षं असं काम साचत जातं, आणि सगळं मिळून ते गाण्यांच्या मानाने अगदी थोड्या जागेत मावतं. ऐवज तोच आहे आणि नेमका तोच मागे राहतो.

राहतो कुठे, ते डीजे कोणतं सॉफ्टवेअर वापरतो त्यावर अवलंबून. सेराटो क्यू आणि बीटग्रिड एमपीथ्रीसारख्या फाइलच्या टॅगमध्येच (फाइलच्या आतल्या नोंदीत) लिहून ठेवतो, त्यामुळे फाइल हलली की तेही सोबत जातात. पण क्रेट (सेराटोतल्या गाण्यांच्या याद्या) आणि वाजवलेल्या गाण्यांचा इतिहास 'सेराटो' नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतो. त्या नावाच्या मागेपुढे अंडरस्कोअर असतात. म्युझिक फोल्डरमध्ये तो एक असतो, शिवाय गाणी बाहेरच्या डिस्कवर असतील तर त्या डिस्कच्या मुळाशी आणखी एक. ट्रॅक्टर सगळा संसार कलेक्शन डॉट एनएमएल या एका फाइलमध्ये मांडतो. ती डॉक्युमेंट्समध्ये नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या फोल्डरात सापडते. मिक्सएक्सएक्सचा डेटाबेसही एकच फाइल असतो.

खरी मेख रेकॉर्डबॉक्समध्ये. त्याचा डेटाबेस, म्हणजे मास्टर डॉट डीबी, विंडोजवर ॲपडेटाच्या आत रोमिंग, त्यात पायोनियर, त्यात रेकॉर्डबॉक्स असा खोल बसलेला असतो. मॅकवर तो यूजरच्या लायब्ररी फोल्डरात. ॲपडेटा काय आणि ही लायब्ररी काय, दोन्ही फोल्डर मूळ सेटिंगमध्ये लपवलेले असतात. म्हणजे डोळ्यांना दिसेल तेवढं सगळं उचललं, तरी डेटाबेस जागचा हललेला नसतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाने लॅपटॉप दुरुस्तीला दिला होता. फॉरमॅट करण्याआधी "पूर्ण डेटा घेतलाय" असं त्याला सांगितलं गेलं. परत मिळालं तेव्हा प्रत्येक गाणं होतं, कव्हरच्या चित्रासकट. क्यू एकही नव्हता. दुरुस्ती करणाऱ्याला खोटं बोलायचं नव्हतं, त्याच्या दृष्टीने पूर्ण डेटा तेवढाच होता. आपल्या लेखाच्या दृष्टीनेही तेवढाच आहे, आणि माझी हरकत आहे ती त्याला.

हा झाला पहिला आजार. त्यावरचा उपाय आगाऊच करावा लागतो. रेकॉर्डबॉक्सच्या फाइल मेन्यूत लायब्ररी, आणि त्यात बॅकअप लायब्ररी अशी आज्ञा आहे. ती चालवली की सॉफ्टवेअर विचारतं, संगीताच्या फाइलींचाही बॅकअप घ्यायचा का? बरेच जण घाईत 'नाही' दाबतात. दाबायला हरकत नाही, पण मग गाण्यांची प्रत स्वतः वेगळी घ्यायची असते हे लक्षात असू द्यावं. नव्या मशिनवर त्याच मेन्यूतून रिस्टोअर. एक सूचना मात्र हवी: रिस्टोअर केलं की नव्या मशिनवरची आधीची लायब्ररी पुसून तिच्या जागी ही येते. नव्यावर चार दिवस काम करून मग जुनी लायब्ररी आणायची म्हटली, तर ते चार दिवस गेले. आधी लायब्ररी आणावी, मग कामाला बसावं.

दुसरा आजार उद्गारचिन्हाचा, आणि तो जास्त पसरलेला आहे. डेटाबेसमध्ये गाणं नसतं, गाण्याचा पत्ता असतो. रेकॉर्डबॉक्समधून कलेक्शन एक्सएमएल स्वरूपात बाहेर काढता येतं. ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघण्यासारखी आहे. प्रत्येक गाण्याची एक नोंद. त्यात नाव, कलाकार आणि मग ठिकाण: फाइल, लोकलहोस्ट, सी ड्राइव्ह, यूजर्स, मग त्या कॉम्प्युटरवरचं तुमचं नाव, म्युझिक, आणि शेवटी गाणं. पत्त्यात जिथे जिथे मोकळी जागा असेल तिथे टक्क्याचं चिन्ह आणि २०. त्याखाली बीपीएम आणि क्यूच्या जागा, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. इतकी काटेकोर नोंद, पण जुन्या मशिनवर यूजरचं नाव आडनावासकट असेल आणि नव्यावर नुसतं नाव दिलं असेल, तर एकही पत्ता लागत नाही. बाहेरची डिस्क जुन्या मशिनवर ई होती आणि नव्यावर एफ झाली, तरी तेच. विंडोजवरून मॅकवर गेलात तर सी, डी, ई हा प्रकारच नाही. तिथे बाहेरच्या डिस्कचा पत्ता व्हॉल्यूम्स या शब्दापासून सुरू होतो आणि पुढे डिस्कचं नाव येतं. डिस्कचं नाव बदललं तरी पत्ता चुकला.

अशा वेळी घाबरून माणूस काय करतो? उद्गारचिन्हवाली गाणी निवडतो, डिलीट करतो आणि फोल्डर नव्याने आत ओढतो. गाणी दिसायला लागतात, उद्गारचिन्हं जातात, जीव भांड्यात पडतो. आणि रेकॉर्डबॉक्समध्ये क्यू, ग्रिड, प्लेलिस्टमधली जागा, सगळं त्या डिलीटबरोबर गेलेलं असतं. फोन माझ्याकडे येतो तो बहुतेक वेळा हे करून झाल्यावर. डिलीट करायच्या आधी केला असता तर काम सोपं होतं: नोंद तशीच ठेवायची आणि तिला फक्त नवा पत्ता द्यायचा. रेकॉर्डबॉक्समध्ये हरवलेल्या फाइलींची यादी उघडून तिथे रिलोकेट. सेराटोत रिलोकेट लॉस्ट फाइल्स. ट्रॅक्टरमध्ये चेक कन्सिस्टन्सी चालवून रिलोकेट. ही शोधाशोध मुख्यतः फाइलच्या नावावर चालते. म्हणून हलवाहलवीच्या दिवसांत फाइलींची नावं नीटनेटकी करायचा उत्साह आवरावा. 'ट्रॅक ०१' नावाच्या सात फाइली सात फोल्डरांत असतील तर चुकीची गाठ पडू शकते, तेवढ्या डोळ्यांनी तपासाव्यात.

आणि मुळात पत्ता मोडूच न देणं सगळ्यात उत्तम. विंडोजवरून विंडोजवर जाताना नव्या मशिनवर यूजरचं नाव तेच ठेवा, फोल्डरांची रचना तीच ठेवा, आणि बाहेरच्या डिस्कला डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनंच अक्षर द्या. आधी गाणी जागेवर, मग डेटाबेस, आणि मग कामाला बसायचं. या क्रमाने गेलं तर कटकट बरीच टळते.

नुसत्या कॉपीतही खाचखळगे आहेत. मॅकवर गाण्याच्या नावात प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजवर चालत नाही. अवतरणचिन्ह, तारांकन, उभी रेघ यांचंही तसंच. शेकडो फाइलींच्या कॉपीत अशी एखादी अडते, आणि 'स्किप' दाबलं की ती कायमची विसरली जाते. विंडोजवर २६० अक्षरांच्या मर्यादेचाही फटका बसतो: फोल्डरात फोल्डर, त्यात अल्बमचं लांबलचक नाव, त्यात रीमिक्सवाल्याचं नाव, की पत्ता हद्द ओलांडतो. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांवर राइट क्लिक करून फाइलींची संख्या आणि बाइट्सची बेरीज ताडून बघा. 'साइज' बघायची, 'साइज ऑन डिस्क' नव्हे. दुसरा आकडा डिस्क कशी फॉरमॅट केलीय त्यावर बदलतो. मॅकने पेरलेल्या लपलेल्या बारीक फाइलींमुळे संख्येत थोडा फरक पडेल. मोठा फरक दिसला तर मात्र शोधावंच लागेल.

वेळेचा अंदाजही लेखात नव्हता. ३२० केबीपीएसची पाच मिनिटांची एमपीथ्री साधारण १२ एमबी भरते, तेच गाणं सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये ५० एमबीच्या वर जातं. दहा हजार गाणी म्हणजे एमपीथ्रीत १२० जीबी आणि वेव्हमध्ये अर्ध्या टीबीहून जास्त. जुन्या यूएसबी २.० च्या वाटेने १२० जीबीला तासभर तरी धरा. संध्याकाळी कार्यक्रम आणि दुपारी लॅपटॉप बदलतोय असं सांगणारे भेटतात. त्यांना मी जुनाच घेऊन जायला सांगते.

लॅपटॉपबरोबर सॉफ्टवेअरही बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट. क्यू एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारी साधनं मिळतात आणि ती चालतातही. पण एमपीथ्रीच्या सुरुवातीचा रिकामा भाग प्रत्येक सॉफ्टवेअर सारखाच मोजत नाही. त्यामुळे काही फाइलींत ग्रिड आणि क्यू साधारण २६ मिलिसेकंदांनी सरकतात. एमपीथ्रीचा आवाज ज्या छोट्या तुकड्यांत साठवलेला असतो, त्यातला एक तुकडा (फ्रेम) ४४.१ किलोहर्ट्झवर तेवढाच असतो. १२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा, म्हणजे घसरण ठोक्याच्या अठराव्या भागाएवढी. ऐकणाऱ्याला सांगता येणार नाही, पण दोन गाण्यांचे किक (ड्रमचे जड ठोके) एकावर एक आले की जोडठोका ऐकू येतो. सगळ्याच गाण्यांत असं होत नाही, आणि तपासण्याचं काम म्हणूनच कंटाळवाणं आहे.

आता बॅकअप. क्लाउडला जोडलेला फोल्डर म्हणजे बॅकअप, ही समजूत आपल्या लेखातही डोकावते. तो सिंक आहे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते. महिन्याभरात लक्षात आलं नाही तर विषय संपला. चालू डेटाबेस अशा फोल्डरात ठेवून तो दोन मशिनवर एकाच वेळी उघडला तर आणखी वाईट: दोन्हीकडे वेगवेगळे बदल होतात आणि सेवा त्याच्या दोन प्रती करून ठेवते. खरी कुठली, ते आपण ठरवायचं. विंडोजवर वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्याकडे ओढून घेतलेला असेल तर ट्रॅक्टरवाल्यांनी हे आवर्जून बघावं.

डेकला (गाणं वाजवायच्या यंत्राला) लावायचा पेनड्राइव्ह हाही बॅकअप नव्हे. त्यावर निवडून एक्स्पोर्ट केलेलीच गाणी असतात. अडीअडचणीला त्यातून थोडंफार परत मिळवता येतं, पण तेवढंच. सॉफ्टवेअर आपण होऊन घेतं त्या प्रतींवरही विसंबू नये. ट्रॅक्टर कलेक्शनच्या जुन्या प्रती बॅकअप फोल्डरात ठेवतो, चांगली सोय आहे, पण तो फोल्डर त्याच डिस्कवर आहे. डिस्क गेली की दोन्ही गेले.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुळवलेला ३-२-१ चा नियम डीजेलाही लागू पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. माझ्यापुरतं मी तो असा बसवलाय. लॅपटॉप आणि एक बाहेरची हार्ड डिस्क कामाच्या जागी. दुसरी डिस्क बहिणीकडे. ती डिस्क कधी जोडलेली नसते, त्यामुळे एखादा व्हायरस फाइलींना कुलूप लावून पैसे मागायला लागला तरी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. डेटाबेस त्या मानाने लहान, म्हणून त्याच्या तारीखवार प्रती ठेवते, आधीची प्रत न पुसता. प्लेलिस्टची वाट लागल्याचं कधी कधी महिनाभराने कळतं आणि तेव्हा कालचा बॅकअपही बिघडलेल्याचाच असतो. शिवाय एकदा तरी तो बॅकअप परक्या मशिनवर उघडून, चार गाणी डेकवर चढवून, क्यू दाबून बघायचे. एवढं न करता 'बॅकअप आहे' म्हणणाऱ्याला मी खोदून खोदून प्रश्न विचारते. त्याला राग येतो.

स्ट्रीमिंगवर वाजवणाऱ्या नव्या मुलांना हे सगळं जुनाट वाटतं. फाइलच नाही तर हलवायचं काय? पण १ जुलै २०२० नंतर स्पॉटिफाय डीजे सॉफ्टवेअरमध्ये चालेनासं झालं आणि त्यावर रचलेले सेट ऐन वेळी मुके झाले. २०२५ मध्ये ती सोय काही सॉफ्टवेअरमध्ये परत आली. मधली पाच वर्षं ज्यांनी गाणी विकत घेऊन ठेवली होती, ते वाजवत होते. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिनाबरोबर आयट्यून्स गेलं, तेव्हाही हेच दिसलं. ज्यांच्या प्लेलिस्ट आयट्यून्समध्ये होत्या आणि सॉफ्टवेअर त्या तिथून वाचत होतं, त्यांची अपडेटनंतर पंचाईत झाली. कार्यक्रमांच्या दिवसांत सिस्टिम अपडेट न करण्याची माझी शिस्त तेव्हापासूनची.

संपादक महोदय, लेखकावर माझा राग नाही. लेख सर्वसामान्य वाचकांसाठी होता आणि भाषा सोपी होती. पण पुढच्या भागात एक चौकट द्यावी, ही विनंती. ज्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल एकीकडे आणि तिच्यावरचं काम दुसरीकडे साठतं, त्या सगळ्यांना हे लागू आहे. फोटोंवर संस्कार करणारे, व्हिडिओ संकलन करणारे यांचीही हीच कथा आहे. त्यांच्याही प्रोजेक्टमध्ये फाइलचा पत्ताच असतो. चौकटीत जागा कमी असेल तर एवढंच छापा: लपवलेले फोल्डर बघा, आणि हरवलेली दिसणारी नोंद डिलीट करू नका.

आपली,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

ता. क. जुना लॅपटॉप विकण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी डीजे सॉफ्टवेअरमधून साइन आउट करायला आणि परवाना त्या मशिनवरून सोडवायला सांगा. किती मशिनवर चालवता येईल याला मर्यादा असते, आणि पुसलेल्या मशिनवरून साइन आउट करता येत नाही.